शंभर टक्क्यांवरचे डोळे

१

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरची शिट्टी झाली की माझ्या हातातला चमचा पडतो. मागून कुणी नुसतं "सुनो" म्हटलं तरी मी वीतभर उडते. आई म्हणते, "अनू, तुझ्यासमोर शिंकायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागेल."

पण या स्वभावाचा मला अभिमान आहे, कारण माझं काम त्याच्यावरच चालतं. सारखं दचकणारं माणूस सारखं बघतही असतं. मी फोटो काढते, आणि त्याहून जास्त वेळ फोटो तपासते. इंदूरच्या मल्हारगंजात भांड्यांच्या दुकानावर माझी एक खोली आहे. एक टेबल, एक मोठा स्क्रीन, आणि मध्येच किंचाळणारा यूपीएस. खाली दिवसभर पातेल्यांवर ठोके पडत असतात. तीन वर्षं झाली, तरी पहिल्या ठोक्याला मी रोज दचकते.

माझा प्रत्येक फोटो मी शंभर टक्क्यांवर बघते. म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला एक पिक्सेल आणि स्क्रीनचा एक पिक्सेल, लहान करणं नाही, मोठं करणं नाही. तसा बघितला की एका माणसाचा फोटो माझ्या स्क्रीनवर मावत नाही. त्याचे एकवीस तुकडे होतात. वर डावीकडून सुरू करते, खाली उजवीकडे संपवते, निवडलेल्या तांदळासारखा एकेक तुकडा पुढे ढकलत. पापणीचा केस कुठे विरघळलाय, चष्म्यावर कुणाचं बोट उमटलंय, ब्लाऊजचा टाका कुठे सुटलाय, काही सुटत नाही. स्क्रीनभर मावलेला फोटो तर सगळेच बघतात.

लोकांना देतानाही पूर्ण आकाराचाच देते. व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो चेपून येतो, मग प्रिंट काढली की फाटतो. आमच्या धंद्यात फाटणं म्हणजे चौकोन चौकोन दिसणं. म्हणून मी प्रत्येकाला एक लिंक पाठवते. ती उघडली की फोटो मूळ आकारातच समोर येतो. यावरून बोलणी खूप खाल्ली. "बेटा, फोटो उघडला तर नुसतं नाकच दिसून राहिलं," असा फोन दर आठवड्याला येतो. मी सांगते, "काका, सरकवा. नाकाच्या वर डोळे आहेत, तिथे जा. तिथेच खरी मजा आहे."

हे मीच सांगत होते सगळ्यांना. डोळ्यांपर्यंत जा म्हणून.

२

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहाला पंच्याहत्तर वर्षं झाली, म्हणून सचिव कृष्णरावांनी एक प्रदर्शन ठरवलं. इंदूरच्या चोवीस मराठी ज्येष्ठांचे मोठे फोटो. कुणी होळकरी फौजेतल्या घराण्यातले, कुणी मिलमधले, कुणी शाळेतले. प्रत्येक फोटो सहा फुटी. मोठ्या स्टुडिओवाल्यांना सोडून काम मला मिळालं, कारण कृष्णरावांनी माझा एक फोटो टीव्हीवर लावून पाहिला होता आणि तो फाटला नव्हता. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, पण बोलतात अजून फलाटावरून. "भिया, पोरीचा फोटो फाटतच नाही," असं त्यांनी मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं म्हणे. त्या दिवशी मी घरी जाताना सराफ्यातल्या खाऊगल्लीतून आईसाठी पाव किलो मावाबाटी घेतली.

पहिले दोन फोटो ठीकठाक आले. धारदार, स्वच्छ, आणि मेलेले. म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसली की पोलीस व्हेरिफिकेशनला बसल्यासारखी होतात. तिसरे गृहस्थ मिलमधले जॉबर, म्हणजे मुकादम होते, त्यांनी तर श्वासच रोखून धरला. तेव्हा मला ते सुचलं.

"काका, माझ्याकडे बघूच नका," मी म्हटलं. "माझ्या शेजारी तुमचं कुणीतरी उभं आहे असं समजा. ज्यांना बघावंसं वाटतं ते. त्यांच्याकडे बघा."

"कुठे उभं आहे?" त्यांनी विचारलं.

मी उजवा हात मागे केला. "इथे. दाराशी."

ते बघायला लागले आणि त्यांचा चेहरा सुटला. गाठ सैल झाल्यासारखा. मी बटण दाबलं.

मग ते माझं वाक्यच झालं. चौथ्याला, पाचव्याला, सगळ्यांना. फक्त एक सुधारणा करत गेले. दाराकडे बघितलं की नजर लांबची वाटते, जरा परकी. म्हणून मी म्हणायचे, "थोडं जवळ आलंय समजा." पुढच्या वेळी आणखी थोडं जवळ. नजर जवळची झाली की डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आपोआप मऊ पडतात. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं.

लोक काय काय म्हणाले. "कसम से, आमचे बाबा असे दिसतात हे आम्हालाच माहीत नव्हतं." एका बाईंनी फोटो बघून फोनवरच रडायला सुरुवात केली. मी घाबरून फोन ठेवला आणि मग दिवसभर स्वतःशीच हसत होते.

३

तेविसाव्या कुमुदिनीबाई. छत्रीबागेत आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतात. कधीकाळी मुलींना लेझीम शिकवायच्या. त्यांची मधली खोली इतकी अरुंद, की कॅमेरा आणि मी एवढंच मावलो. खिडकी डावीकडे. एरवी उजवीकडे मी एका स्टँडवर पांढरा रिफ्लेक्टर लावते, तो त्या दिवशी बाहेर स्कूटरवरच राहिला.

दुपारी दोन वाजता मी तो फोटो तपासायला घेतला. कपाळ, भुवया, मग डावा डोळा. धारदार फोटोत बुबुळ आरशासारखं असतं. त्यात खिडकी दिसते, तिपाईवरचा कॅमेरा दिसतो, मागे मी दिसते. आणि माझ्या उजवीकडे एक काळपट उभी रेघ असते, रिफ्लेक्टरच्या स्टँडची. तेवीसपैकी वीस फोटोंत मी ती पाहिली होती आणि पुढे सरकले होते.

इथेही ती होती. मी पुढे सरकलेही. नाकाच्या तुकड्यापर्यंत गेले आणि मग मला आठवलं, की स्टँड बाहेर होता.

मी परत डोळ्यावर आले. खाली पातेल्यावर ठोके चालू होते. बुबुळात खिडकी. कॅमेरा. मी. आणि माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर, आणखी एक.

रेघ नव्हती. तिला खांदे होते.

कपाट असेल, मी म्हटलं. दारावर टांगलेला झगा असेल. पण खोली मला पाठ होती. माझ्या उजवीकडे कोरी भिंत होती, पोपटी रंगाची, आणि माझं कोपर तिला दोनदा घासलं होतं. उजव्या डोळ्यात बघितलं. तिथेही दोघी. खिडकीचा उजेड माझ्या डाव्या अंगावर पडला होता. तिच्यावर कुठेच पडला नव्हता.

यूपीएस किंचाळला आणि मी खुर्चीवरून उठून थेट जिन्यात गेले. खाली भांडीवाल्यांनी वर बघून विचारलं, "क्या हुआ, मैडमजी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, लाइट गई थी." दहा मिनिटं त्यांच्या दुकानात उगीच एक गाळणी निवडत बसले, मग ती विकत घेऊन वर आले.

४

मी फिजिक्स केलंय. घाबरलं की मी मोजते.

कुमुदिनीबाईंच्या डोळ्यात मी ब्याऐंशी पिक्सेल उंच होते. मी त्यांच्यापासून पाच फुटांवर उभी होते. बुबुळातलं प्रतिबिंब अंतर वाढलं की त्याच हिशोबानं लहान होतं. दहा फुटांवर गेले असते तर एक्केचाळीस झाले असते. शेजारची ब्याऐंशी भरली. म्हणजे ती माझ्याच उंचीची होती आणि माझ्याच रेषेत होती.

मग मी सगळे फोटो पहिल्यापासून उघडले. पहिल्या दोघांच्या डोळ्यांत मी एकटी. तिसऱ्यात, मिलच्या काकांच्या, स्टँडची रेघ होती आणि तिच्या मागे आणखी एक. एक्केचाळीस पिक्सेल. दाराशी. सातव्यात अठ्ठेचाळीस. चौदाव्यात साठ. एकोणिसाव्यात बहात्तर. वेगळी घरं, वेगळे मोहल्ले, मध्ये चार महिने. आणि प्रत्येक घरात मीच म्हणाले होते, थोडं जवळ आलंय समजा.

पिक्सेल खोटं बोलत नाहीत असं मी सगळ्यांना सांगते. त्या संध्याकाळी मी स्वतःला सांगितलं, की साठ पिक्सेलांत काय काय दिसेल याचा नेम नाही. ढगात हत्ती दिसतो, तसं असेल. एकवीस फोटोंत, बेचाळीस डोळ्यांत, एकाच उंचीचा हत्ती.

आणि खरं सांगते, फोटो उघडे असताना मला भीतीबरोबर दुसरंही काही वाटत होतं. ते चेहरे फार सुंदर होते.

५

दोन दिवसांनी शिखावहिनींचा फोन आला. तुकोगंजातल्या अप्पासाहेबांच्या सूनबाई. अप्पासाहेब माझे चौदावे. एक्क्याण्णव वर्षांचे, ताठ, अजून स्वतः दाढी करणारे.

"अनुश्रीजी, फोटो तर लाजवाब आहे," त्या म्हणाल्या. "तू म्हणाली तसं टीव्हीवर पूर्ण साइजमध्ये लावला, सरकवत सरकवत डोळ्यांपर्यंत गेलो सगळे. एक विचारू का? त्या दिवशी तुझ्यासोबत दुसरी कोण होती? मी तर तुला एकटीलाच चहा दिला होता."

मी म्हटलं, "स्टँड असेल, वहिनी."

"हां, मी पण तेच म्हटलं," त्या म्हणाल्या. मग, "एक दिन आ सकती हो क्या? बाबांना भेटून जा. तब्येत बिलकुल ठीक आहे. खाणं-पिणं, सगळं. फक्त…"



मी सकाळी दहाला गेले. अप्पासाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर होते. "ये ये," म्हणाले, "बस." आवाज खणखणीत. चेहरा फोटोतल्यासारखाच मोकळा. ते माझ्याशी हवापाण्याचं बोलले, प्रदर्शन कधी ते विचारलं, माझ्या आईची चौकशी केली. आणि हे सगळं बोलताना ते माझ्या उजव्या खांद्याच्या हातभर शेजारी बघत होते.

मी खुर्ची उजवीकडे सरकवली. त्यांची नजरही सरकली, तेवढीच, पुन्हा हातभर पुढे. मी उठून दुसऱ्या बाजूला बसले. नजर आली, मला ओलांडून शेजारी थांबली. वहिनी दारात पदर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांच्याकडेही ते तसेच बघत होते. त्यांच्या उजवीकडे.

"अप्पासाहेब," मी विचारलं, "कुणाकडे बघता?"

"वा," ते हसले. "तूच तर सांगितलंस, शेजारी बघा. आमचा विक्रम आहे ना. धाकटा भाऊ. त्याला किती वर्षांनी पाहिलं."

"मग आता माझ्याकडे बघा ना."

त्यांनी प्रयत्न केला. खरंच केला, मला दिसलं. बुबुळं थरथरली, माझ्या गालापर्यंत आली आणि परत गेली, जशी जीभ परत परत दुखऱ्या दाताकडे जाते. "राहू दे," ते मायेनं म्हणाले. "ऐकू येतंय ना मला तुझं."

फाटकाशी वहिनी म्हणाल्या, "माझी ईशा आठ वर्षांची आहे. रोज त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, नाचते, तोंडं करते. आजोबा खूश होऊन टाळ्या वाजवतात. पण शेजारच्या हवेकडे बघून." त्यांना रडायचं होतं, पण त्या चांगल्या घरच्या होत्या, म्हणून म्हणाल्या, "फोटो मात्र फर्स्ट क्लास हं."

मी कुमुदिनीबाईंनाही फोन केला. त्या आनंदात होत्या. फोटोच्या वेळी माझ्या शेजारी त्यांची शाळेतली मैत्रीण उभी होती म्हणे. कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण. सगळ्यांनी आपापलं माणूस आणलं होतं, आणि डोळ्यांत मात्र एकच उंची.

६

चोविसावी माझी आई होती.

हे कृष्णरावांनी ठरवलं. "अर्धं मल्हारगंज तुझ्या आईच्या हाताखालून पाढे शिकून गेलं. त्यांचा फोटो मेन गेटच्या समोर, बस. तो नाही तर प्रदर्शन अधुरं."

आईचा एकही चांगला फोटो नाही. लग्नातला, सहलीतला, निवृत्तीचा, सगळ्यांत ती अशी दिसते की जणू कुणी तिला ओरडलंय. आधार कार्डावरचा तर बघवत नाही. मला चेष्टेनं म्हणते, "मी गेल्यावर भिंतीवर तो आधारवाला लावलास तर भूत होऊन येईन." मी कॅमेरा हातात घेतला तो तिच्या एका बऱ्या फोटोसाठी. बाकी सगळं त्याच्यानंतर आलं.

आणि मला हेही माहीत होतं, की माझ्याकडे बघणारं जगात दुसरं कुणी नाही. बाबा मी सहावीत असताना गेले. मी दचकले की आई काही बोलत नाही, नुसती बघते, आणि मी जागेवर येते. ती नजर मला कुणाला द्यायची नव्हती.

म्हणून मी ते वाक्य म्हणायचं नाही असं ठरवलं.

सकाळी साडेदहाला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी तिला बसवलं. हिरव्या काठाची साडी, इस्त्रीचा ब्लाऊज. कपाळाला पावडर जरा जास्त झाली होती, मी पुसली.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

तिनं बघितलं. लगेच ओरडा खाल्लेला चेहरा.

"अगं, हस थोडं."

"हसतेय की."

"हे हसणं आहे?"

"मग बाजारातून आणू का दुसरं?" ती म्हणाली. आणि मी कॅमेऱ्याआड गेल्यावर, "ते सांग ना मला. तू सगळ्यांना सांगतेस ते. कुमुदिनी सांगत होती, शेजारी कुणीतरी आहे म्हणायचं."

"तुला नाही सांगणार."

"का? मी काय सावत्र आहे?"

मी एक्केचाळीस फोटो काढले. मल्हारगंजात जाऊन प्रत्येक शंभर टक्क्यांवर पाहिला. तिच्या बुबुळात खिडकी, कॅमेरा, मी. ब्याऐंशी पिक्सेल, एकटी. उजवीकडे आमच्या फळीवरचे डबे, त्यावरची अक्षरं वाचता येतील इतके स्पष्ट. माझा जीव भांड्यात पडला. मग मी स्क्रीनभर फोटो केला आणि आईचा चेहरा पाहिला. पापणी न् पापणी मोजता येत होती, आणि ती आधार कार्डावरचीच बाई होती. एक्केचाळीसही फोटोंत.

शेजारी मी कुमुदिनीबाई लावल्या, मिलचे काका लावले, अप्पासाहेब लावले. संध्याकाळपर्यंत बघत बसले. सभागृहात ते तेवीस जण असे मोकळे, आणि समोर गेटशी, सहा फुटी, माझी आई अशी. लोक म्हणतील, परक्यांचे काढले, आईचा जमला नाही.

७

दुसऱ्या दिवशी तीच खिडकी, तीच साडी.

माझा हिशोब पक्का होता. जवळ घ्यायचं नाही. एक्केचाळीस पिक्सेल, दहा फूट, दारापाशी. मिलच्या काकांना काही झालं नव्हतं, मी सकाळी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन आले होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून मला कचोरी खायला लावली होती. म्हणजे लांबून चालतं. जवळ आलं की मगच जातं काहीतरी.

"आई," मी म्हटलं. "दाराशी कुणीतरी उभं आहे असं समज. तुला बघावंसं वाटतं ते. दाराशीच. उंबऱ्याच्या बाहेर."

ती माझ्या उजवीकडून दाराकडे बघायला लागली. मी कॅमेऱ्यातून बघत होते, मागे वळले नाही. फळीवर घड्याळ चालत होतं. गल्लीतून कचऱ्याच्या गाडीचं गाणं आलं आणि लांब गेलं. मग घर एकदम गप्प झालं, पाहुणे आल्यावर होतं तसं.

आईचा चेहरा सुटला. कपाळ, मग गाल, मग ओठ. मी दाबत गेले. एक, दोन, पाच. माझ्या आयुष्यात एवढा स्थिर हात मला आठवत नाही.

आणि मग आईनं मान जराशी वाकडी केली. आमच्या घरी कुणी आलं, दूधवाला, कुरिअरवाला, कुणीही, तरी ती जे करते तेच केलं.

"अगं, दारात काय उभी," ती म्हणाली. "ये ना आत. ये गं."

मी म्हणायला हवं होतं, आई, नको. माझं तोंड उघडलंही होतं. पण कॅमेऱ्यात तो चेहरा होता. ज्याच्यासाठी मी सात वर्षं कॅमेरा वाहिला तो चेहरा, समोर, खिडकीच्या उजेडात, आणि तो किती वेळ राहील सांगता येत नव्हतं.

मी बटण दाबलं.

माझ्या उजव्या दंडाला काही लागलं नाही. वाराही नाही. फक्त आईची नजर जवळ येत गेली, हळूहळू, दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून माझ्यापर्यंत, आणि मग मला मागे टाकून आणखी पुढे.

८

तो फोटो मी भरदुपारी तपासला. दार उघडं ठेवलं होतं, खाली ठोके चालू होते.

कपाळाचा तुकडा निर्दोष. भुवया निर्दोष. फोकस असा, की पावडरीचे कण वेगळे दिसावेत. तपासताना मला अभिमान वाटत होता, हे लिहायला लाज वाटते पण वाटत होता. मग डावा डोळा.

मी पट्टी हातात घेऊन बसले होते. स्क्रीनवर लावायची, पिक्सेल मोजायचे. मोजायला पाय आणि डोकं दोन्ही दिसावं लागतं. तिचे पाय खाली बुबुळाबाहेर गेले होते. डोकं वर खिडकीला झाकत होतं. मी मान वाकवून कॅमेरा शोधला. तिपाईचा एक पाय दिसला, तिच्या कमरेशी. माझी जागा त्याच्या मागे होती. तिथे मी नव्हते. ती मध्ये उभी होती, आईच्या इतकी जवळ की हात लांब केला तर गालाला लागेल.

एवढ्या जवळ आलेल्याला चेहरा असतो. होता. शंभर टक्क्यांवर तो अंगठ्याच्या नखाएवढा होता. दोनशेवर केला असता तर नीट दिसला असता. हा फोटो फाटत नाही.

माझं बोट बटणावर होतं. कॉलर माझीच होती, एवढं कळलं. कान मोकळे, केस मागे बांधलेले, माझ्यासारखे. मी फोटो बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा एकवीस तुकडे पूर्ण न बघता फाइल प्रिंटला पाठवली. पूर्ण आकारात.

संध्याकाळी घरी गेले. आई भाजी निवडत होती. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं वर बघितलं, माझ्या शेजारी, आणि तिचा चेहरा उजळला.

"आई, फोटोच्या वेळी दाराशी कोण होतं गं?" मी विचारलं. "तू कोण आहे असं समजलीस?"

"मी दुसऱ्या कुणाला आणणार?" ती म्हणाली. "तूच की. आत्ता आहेस तशीच. फक्त जरा शांत."

मी तिच्या समोर बसले. मग जरा उजवीकडे सरकून बसले. मग आणखी जरा. भिंत लागली तेव्हा थांबले.

९

प्रदर्शनाला गर्दी झाली. कृष्णराव फेटा बांधून दाराशी उभे होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "जवळ जा, जवळ जा, फाटत नाही" म्हणत होते. गेटसमोर आईचा फोटो. सहा फुटी. लोक आत यायचे, आणि बोलता बोलता गप्प व्हायचे. दोन बायका हात जोडून उभ्या राहिल्या. आईचे जुने विद्यार्थी, आता स्वतः टक्कल पडलेले, फोटोसमोर रांगेनं उभे राहून सेल्फी काढत होते. एका मोठ्या स्टुडिओचे मालक चष्मा काढून, वाकून डोळ्यांपाशी गेले. बराच वेळ तिथे होते. मग मागे सरकले, रुमालानं मान पुसली आणि मला म्हणाले, "लाइट कौनसी यूज की?"

"खिडकीची," मी म्हटलं.

माझी छाती भरून आली होती. आली होती, खोटं कशाला बोलू. आई माझ्या बाजूलाच होती, तीच साडी नेसून, आणि सगळे एकदा फोटोकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. माझ्या नावाची पट्टी फोटोखाली होती, आणि तिच्यावर कुणाचं तरी फूल ठेवलेलं होतं.

एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे आली. खूप वेळ बघत राहिली. "किती माया आहे हो नजरेत," ती म्हणाली. "कुणाकडे बघून राहिल्यात त्या?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

आईनं हसून मान वळवली, माझ्या उजव्या खांद्यापलीकडे, आणि हळूच म्हणाली, "ऐकलंस?"